किंक्रांत, मत्रह

पहाटे सव्वाचारला आत्याचा आवाज फोनमध्ये:
"आज कर आहे गं. नवं काही सुरू करू नकोस.
लांब जाऊ नकोस. कुणाशी वाद नको.
आणि केर काढायच्या आधी वेणी घाल."
तिच्यामागे कोंबडा आरवतो,
माझ्यापेक्षा दीड तास पुढचा.

मी रात्रपाळीत, रक्ताच्या नळ्यांपाशी.
वेणी कालच घातलेली, जाळीच्या टोपीत कोंडलेली,
केर काढायला शोफिकुल येतो सहाला.
म्हणजे एक नियम
न करताच पाळला गेला.
उगाच बरं वाटलं.

सातला सुटले. बस जाऊ दिली.
आठ महिने भाजून काढल्यावर
हे गाव जानेवारीत माफी मागतं,
तीही मोठ्याने नाही,
ओढणी कानावरून घ्यावी एवढाच गारवा.
समोर डोंगर, कोरडे, तपकिरी,
कुणीतरी गुळाच्या ढेपा धक्क्यावर उतरवून
हिशेबाला गेलं
आणि परत आलंच नाही.
जुन्या गलबताच्या कठड्यावर कुरव पक्षी
एकेक पाय पोटात घेऊन,
सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे.
मी मोजायला लागले. सतराला एक उडाला.
पुन्हा मोजले नाहीत.

मासळीबाजारात खमीस सुरमई धूत होता.
म्हटलं, आमच्याकडे आज वाईट दिवस.
"कोण म्हणतं?"
आत्या म्हणते.
सुरा थांबला.
"माझं नाव खमीस, म्हणजे गुरुवार.
धाकटा भाऊ जुमा, शुक्रवार.
आमच्या घरी वारच जेवायला बसतात, बाई.
यातला वाईट कुठला, तूच सांग."
आणि सुरमईचं डोकं
फुकट टाकलं पिशवीत.

टपरीवर करक चहा. कागदी पेला दोन्ही हातांत.
रात्रभर हातमोज्यात सुरकुतलेली बोटं
एकेक करून माझी झाली.
एक तिरंगी मांजर पिशवीमागे चालत आलं
थेट जिन्यापर्यंत, सारखं ओरडत.
मी वाद घातला नाही.
शेपटीचा तुकडा देऊन तह केला.

फ्रीजवर चुंबकाखाली कागद आहे,
आणखी दोन वर्षांचा करार. सही बाकी.
मॅनेजर म्हणाले होते, आजच करून टाका.
या देशात माझं सगळंच मुदतीत असतं:
व्हिसा, घरभाडं, दुधाची पिशवी,
आईला सांगितलेलं "पुढच्या वर्षी नक्की".
प्रत्येक दिवस कुठल्यातरी दिवसाची पायरी.
आज मात्र आत्याचा कायदा:
काही सुरू करायचं नाही.
मी कागदाला पाठ केली
आणि पंखा न लावता
खिडकी उघडून बसले.

भोगीची बाजरीची भाकरी राखून ठेवलेली,
फडक्यात, आता ताटलीसारखी कडक.
करीला तीच खायची.
गॅसवर धरली तर तीळ एकेक करून तडतडले,
परवाचा वास ताजा होऊन घरभर.
सुरमईच्या डोक्याचं कालवण, भाकरी त्यात चुरून.
डोळ्यामागचा मऊ भाग शेवटी ठेवला,
लहानपणी ठेवायचे तसा.
आता मागणारं कुणी नाही
म्हणून जरा हळूच खाल्ला.

देवीने आजच किंकर मारला म्हणे.
त्याच्या घरी कोण होतं, कधी विचारलं नाही कुणी.
एक तिळाची वडी ठेवली खिडकीत, त्याच्या नावाने.
साळुंकी आली, मान वाकडी करून मला पाहिलं,
आणि घेऊन गेली.
गोड बोल म्हणायचं राहिलं.

संध्याकाळी आत्याला कळवलं:
काही सुरू केलं नाही. लांब गेले नाही.
भांडले नाही. भाकरी खाल्ली.
एक मात्र सांगितलं नाही.
रंगाच्या रिकाम्या डब्यातला कढीपत्ता,
ज्याची काडी मी पावसाळ्यात चिपळूणहून
ओल्या रुमालात आणली
आणि केव्हाच मेली म्हणून सोडून दिली,
त्याला आज दुपारी
नखाएवढं पान फुटलंय.

मी नाही सुरू केलं, आत्या.
त्याने मला विचारलंच नाही.